प्रति: धडगावच्या डोंगरावर परावर्तक फलक

धडगावकडच्या डोंगरावर स्मार्ट परावर्तक फलक (टॉवरचा सिग्नल हव्या त्या दिशेला वळवणारा, डायोड बसवलेल्या अनेक छोट्या घटकांचा पत्रा) लावला की विजेशिवाय खालच्या पाड्यांत मोबाईलची रेंज येईल, असा दावा केला जातोय. वीज थोडी लागतेच, डायोड चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला. ती सोलरवर भागेल. गोम वेगळीच आहे. हा फलक सिग्नल वाढवत नाही, नुसता वळवतो. टॉवर ते फलक आणि फलक ते मोबाईल, दोन्ही टप्प्यांतल्या घटीचा गुणाकार होतो. म्हणून तो मधोमध नको, कुठल्यातरी एका टोकाजवळ हवा.

शिवाय आकार बघा. फलकाचा एकेक घटक सिग्नलच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा रुंद धरला तर ३.५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला साधारण ४ सेंमी, ७०० मेगाहर्ट्झला २१ सेंमी. म्हणजे ७०० मेगाहर्ट्झला १००० घटकांचा फलक सुमारे ४५ चौरस मीटरचा! सातपुड्यातल्या पावसाळी वाऱ्यात हे धूड टिकवणार कोण? तिथे रिपीटरच (सिग्नल घेऊन, वाढवून पुढे पाठवणारं यंत्र) बरा. जळगावात गोलाणी मार्केटच्या आतल्या गाळ्यांसाठी मात्र हे करून बघण्यासारखं आहे.