आजीचं पर्थ ते लंडन

आत्या: आई नक्की किती तास विमानात बसणार ते कोणीतरी एकदाचं सांगा. दादा म्हणतो दहा, ताई म्हणते सतरा. पाय सुजतात तिचे, मला काळजी लागून राहिलीय

मोठे काका: तिकीट समोर आहे. पर्थहून संध्याकाळी 6:45, लंडनला पहाटे 5:05. दहा तास वीस मिनिटं. उगाच कोणाला घाबरवू नका.

ताई: काका, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. जुलैत लंडन पर्थच्या सात तास मागे असतं, ते मिळवा. 17 तास 20 मिनिटं होतात. अंतरच 14,500 किमी आहे

धाकटी काकू: आठ तास ना गं? मागे फोन करायचे तेव्हा मी आठच धरायचे

ताई: तो हिवाळा होता काकू. लंडनला घड्याळ एक तास मागेपुढे करतात, पर्थला नाही करत

मोठे काका: तिकिटावर दहा तास वीस मिनिटं आहेत.

पिंट्या: काका परतीचं बघा ना, निघणार 11:50 ला, पोचणार दुसऱ्या दिवशी 11:35 ला. मग येताना पावणेचोवीस तास? विमान रस्ता चुकणार का 😄

आत्या: पिंट्या, मस्करी नकोय आत्ता

ताई: त्यातून सात वजा कर, पावणेसतरा. पूर्वेकडे येताना वरचा जोराचा वारा पाठीशी असतो म्हणून जरा लवकर

मोठे काका: अंतर 14,500 किमी म्हणालीस. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली, कितीतरी जास्त भरतं.

धाकटी काकू: भाऊजी, सपाट नकाशावर नाही कळत ते. मी आत्ता पोरांच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून बघितला, पट्टीची रेघ जाते तिथून दोरा जातच नाही, वाकडा भलतीकडूनच जातो आणि तोच जवळचा पडतो

ताई: एकदम बरोबर!! आणि ताशी 900 धरले तरी 14,500 ला सोळा तास लागतात. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, समोरचा वारा, सगळं आलं

आत्या: मागच्या वेळी पण सगळ्यांनी असंच छातीठोक सांगितलं होतं. डायरेक्ट आहे म्हणे! मधे थांबलं आणि मी विमानतळावर पाच तास उभी, एकाचाही फोन नाही

मोठे काका: तिकीट मी नव्हतं काढलं.

आत्या: मी नाव घेतलंय का तुझं?

ताई: आत्या, डायरेक्ट म्हणजे फक्त फ्लाइट नंबर तोच राहतो, मधे उतरू शकतं. हे नॉनस्टॉप आहे. 2018 च्या मार्चमध्ये सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रेलियाहून ब्रिटनला कुठेही न थांबता जाणारी ती पहिलीच नियमित सेवा होती

मोठे काका: तिकिटावर 5:05 आहे एवढंच मी म्हणतोय.

ताई: हो काका, 5:05 बरोबरच आहे. आत्या, इमिग्रेशन आणि सामान धरून तू साडेसहाला आलीस तरी चालेल

आत्या: मी पाचलाच येणार

धाकटी काकू: आईंना मधल्या वाटेकडची सीट द्या, अधूनमधून उठून चार पावलं चालता येईल. पाणी पण प्यायला सांगा, उठावं लागतं म्हणून त्या पीतच नाहीत

आत्या: दादा, व्हीलचेअर सांगितलीयस ना?

मोठे काका: आज सांगतो.