'कथा'चा शेवट: संध्याने निवड केली, की जो उरला तो तिच्या वाट्याला आला?

चाळकरी

सई परांजपे यांच्या 'कथा'चा (१९८३) विषय निघाला की बोलणं फारूख शेखच्या बाशूवरच येऊन थांबतं. कौतुक रास्तच आहे. पण प्रेमत्रिकोण म्हणून हा सिनेमा मला एका ठिकाणी लंगडा वाटतो. धागा त्यासाठी. शेवट उघड होणार आहे, पाहिला नसेल तर आधी पाहून या.

पाहून बरीच वर्षं झालेल्यांसाठी थोडक्यात. मुंबईतली चाळ. राजाराम जोशी (नसीरुद्दीन शाह) बुटांच्या कंपनीत कारकून, नुकताच नोकरीत कायम झालेला. शेजारच्या संध्या सबनीसवर (दीप्ती नवल) त्याचा जीव, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मित्र बाशू त्याच्या खोलीत मुक्कामाला येतो, थापा मारून अख्खी चाळ खिशात घालतो, राजारामच्याच कंपनीत नोकरी पटकावतो, तिथे मालकाची बायको आणि मुलगी अशा दोघींशी सूत जमवतो, आणि इकडे संध्याशी लग्न ठरवतो. बिंग फुटल्यावर पसार होतो. मग राजाराम संध्याला लग्नाचं विचारतो. बाशूशी आपला संबंध शरीरापर्यंत गेला होता, हे ती त्याला सांगते. तो तरीही तिला स्वीकारतो.

माझा आक्षेप असा. त्रिकोणातल्या तिसऱ्या व्यक्तीसमोर दोन माणसं एकाच वेळी उभी असायला हवीत, तरच तिने निवडलं असं म्हणता येतं. संध्यासमोर एका वेळी एकच माणूस आहे. बाशू असेपर्यंत राजाराम उमेदवारच नाही, कारण त्याने विचारलेलंच नाही. तो विचारतो तेव्हा बाशू गेलेला असतो. इथे कासव जिंकलं नाही, ससा मैदान सोडून गेला.

तिसरी_घंटा

साफ अमान्य. तुम्ही निवड चुकीच्या जागी शोधताय. दोन पुरुष समोर ठेवून एकाकडे बोट दाखवणं म्हणजेच निवड, असं कोणी ठरवलं?

शेवटचा प्रसंग नीट पाहा. संध्याने गप्प राहायचं ठरवलं असतं तर काहीच अडलं नसतं. लग्न मोडलेलं, चाळीत चर्चा, घरच्यांना घोर, आणि समोरून चांगला मुलगा चालून आलाय. सोयीचा रस्ता मौनाचा होता. ती बोलते. म्हणजे हातात आलेलं स्थळ जाईल हे कळत असूनही ती सत्य आधी समोर ठेवते, आणि मग उत्तर राजारामला द्यावं लागतं. त्या क्षणी परीक्षा त्याची आहे, तिची नाही. अख्ख्या सिनेमात जो माणूस बोलू शकला नाही त्याच्यासमोर ती सगळ्यात अवघड गोष्ट बोलते. याला 'वाट्याला आलं' म्हणणं संध्यावर अन्याय आहे.

चाळकरी

प्रसंग मोठा आहे, वादच नाही. पण सत्य सांगणं हा तिचा प्रामाणिकपणा झाला. राजारामवर तिचं प्रेम आहे का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. आदर दिसतो, कृतज्ञता दिसते. प्रेम कुठल्या दृश्यात आहे ते दाखवा.

कट_टू

थोडं पात्रनिवडीबद्दल, कारण 'संध्यासारखी शहाणी मुलगी बाशूला भुललीच कशी' ही तक्रार नेहमी येते.

'चश्मे बद्दूर' १९८१चा. दिग्दर्शिका त्याच, जोडी फारूख शेख-दीप्ती नवल हीच. तिथे फारूख सरळमार्गी, अभ्यासू मुलगा होता आणि थापाडे होते ते त्याचे मित्र. दोन वर्षांनी तोच चेहरा थापाड्या म्हणून येतो. त्या चेहऱ्यावर प्रेक्षकाचा विश्वास आधीच बसलेला असतो आणि बाशू नेमका त्याच विश्वासावर जगतो. नसीरुद्दीन शाहला बाशू आणि फारूखला राजाराम केलं असतं तर पहिल्याच भेटीत आपण सावध झालो असतो. चाळ मूर्ख वाटली असती, आणि संध्याही.

विनोदी त्रिकोणात चुकीचा माणूस बरोबरच्या माणसापेक्षा जास्त हवाहवासा वाटलाच पाहिजे. तो पहिल्यापासून खलनायक दिसला की नायिका बावळट ठरते आणि प्रेक्षक वाट पाहत बसतो, हिला कधी कळणार म्हणून. बहुतेक त्रिकोण इथेच गळपटतात. बाशू आला की पडद्यावर जान येते, राजाराम आला की आपण जरा कंटाळतो. हा कंटाळा मुद्दाम आणलेला आहे. संध्याला जे वाटतं तेच आपल्याला वाटावं, म्हणून.

बस_थांबा

याच्या शेजारी बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' (१९७६) ठेवून पाहा, चाळकरींचा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. प्रभासमोर (विद्या सिन्हा) अरुण (अमोल पालेकर) आणि स्कूटरवाला नागेश (असरानी) दोघंही आहेत. अरुण खंडाळ्याला कर्नलकडे (अशोक कुमार) शिकून येतो आणि टेबल टेनिस, बुद्धिबळ अशा नागेशच्याच मैदानांवर त्याला हरवतो. सगळं प्रभाच्या डोळ्यांसमोर घडतं. तिने काय पाहिलं आणि कोणाला निवडलं, हे आपल्याला कळतं.

तिसरी_घंटा

उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. प्रभाला अरुण आधीपासूनच आवडतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. नागेश तिच्या लेखी खरा उमेदवार कधीच नव्हता, तो अरुणच्या भीतीत मोठा झाला होता. म्हणजे दोन पुरुष एकाच वेळी समोर असूनही तिथे निवडीचा प्रश्नच नाही. तो त्रिकोण दोन बाजूंचाच आहे.

शिवाय फरक पाहा. अरुण जिंकतो तो प्रतिस्पर्ध्याच्या युक्त्या शिकून. राजाराम बाशूची एकही युक्ती उचलत नाही. पहिल्या दृश्यात जसा होता तसाच शेवटी आहे, फक्त एकदा तोंड उघडतो. दोन्ही सिनेमे मला प्रिय आहेत, पण दुसरं लिहिणं जास्त कठीण. न बदलणाऱ्या नायकाकडे प्रेक्षकाला वळवायचं, तर बदलावं लागतं नायिकेला. 'कथा'त बदलते ती संध्याच.

गोवा_वेळ

निवड खरोखर पाहायची असेल तर कुंदन शाह यांचा 'कभी हां कभी ना' (१९९४). अ‍ॅनासमोर सुनील आणि ख्रिस दोघंही आहेत, दोघंही तिला जवळचे आहेत, आणि ती ख्रिसला निवडते. नायक (शाहरुख खान) हरतो. आणि थापा मारणारा इथे नायकच आहे, परीक्षेच्या निकालाबद्दल घरीसुद्धा खोटं बोलतो. म्हणजे बाशूचा दोष घेऊन राजारामच्या जागी उभा केलेला माणूस. त्याच्या खोट्यात लबाडीपेक्षा घाबरलेपण जास्त आहे, म्हणून तो आपला वाटतो. बाशू कधी घाबरत नाही.

चाळकरी

हे उदाहरण नेमकं. आणि तिसरी_घंटा, नायिका बदलते हा मुद्दा मी घेतला. कबुलीचा प्रसंग मी नुसता धक्का म्हणून पाहत होतो, ती चूक होती.

तरीही मधल्या भागात एक दृश्य कमी पडतं, यावर मी ठाम आहे. राजारामच्या मनातलं संध्याला एकदा ओझरतं कळतं आणि ती कळून न कळल्यासारखं करते, एवढंच. संवादाचीही गरज नव्हती. मग शेवटी ती त्याच्याकडे परत वळते असं झालं असतं. आता ती त्याच्याकडे पहिल्यांदाच वळते.

तिसरी_घंटा

ते दृश्य घातलं तर गोष्टीचा पायाच जातो. सिनेमा 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून घेतलाय. शर्यत चालू असताना कासवाकडे कोणी पाहत नाही, म्हणून ती गोष्ट चालते. संध्याने मध्येच त्याला पाहिलं असतं तर तिने राजारामला जाणूनबुजून डावलल्यासारखं झालं असतं, आणि मग शेवट खरोखरच नाइलाजाचा दिसला असता.

कट_टू

चाळकरींच्या बाजूने एक. ते दृश्य लहान ठेवून करता आलं असतं. चाळीत भिंती पातळ, गॅलरी एकच, कोणाचं काही लपत नाही. राजारामच्या मनातलं संध्याच्या कानावर कधीच गेलं नसेल हे पटायला जड जातं.

पण बाशूला शिक्षा होत नाही, या नेहमीच्या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. चाळीसमोर उभा करून त्याला चोप दिला असता तर टाळ्या पडल्या असत्या, पण शेवटची पाच मिनिटं पुन्हा त्याचीच झाली असती. तो गेलेला आहे, म्हणूनच त्या खोलीत संध्या बोलते तेव्हा ऐकायला फक्त राजाराम असतो.