मदत हवी आहे: बसण्याचा वेळ नेमका मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. ऑफिसात काम करणाऱ्यांच्या बैठ्या सवयींवर लहानसा अभ्यास करतेय आणि मोजमापापाशीच अडकले आहे.

प्रश्नावलीत लोक बसण्याचा वेळ बहुतेकदा कमी सांगतात. कमरेला लावायचं ॲक्सेलरोमीटर हालचाल टिपतं, पण माणूस स्तब्ध उभा आहे की बसलाय हे त्याला नीट कळत नाही. आणि माझ्यासाठी तोच फरक महत्त्वाचा, कारण बैठं वर्तन म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं पडून १.५ मेट (१ मेट म्हणजे शांत बसलेलं असताना शरीर खर्च करतं तेवढी ऊर्जा) किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च होणं. मांडीवर चिकटवायचं यंत्र हे ओळखतं, पण ते सात दिवस सलग लावायला लोक तयार होतात का? त्वचेला त्रास?

दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. बसणं मात्र फक्त 'कमी करा', किती तासांपर्यंत ते नाही. मग 'जास्त बसणारे' असा गट पाडताना तुम्ही सीमा कुठे धरली? आठ तास धरू का?

ज्यांनी स्वतः असा डेटा गोळा केलाय, त्यांनी कृपया अनुभव सांगा. सहभागींना चुकीचे निष्कर्ष द्यायचे नाहीत मला.