माणेक चौक रात्रीचाच

वर कोणीतरी लिहिलंय की अहमदाबादला माणेक चौकात दुपारी गेलो, खायला काहीच नव्हतं, उगाच नाव झालंय. अहो तो दिवसा सराफ बाजार असतो, दुकानं बंद झाली की रात्री नऊ-साडेनऊनंतर तिथेच गाड्या लागतात, मग मध्यरात्रीनंतरही पावभाजी, ग्वालियर डोसा, पायनॅपल सँडविच, कुल्फी सगळं मिळतं. बटर मात्र कमी टाकायला आधीच सांगा, नाहीतर डोसा अक्षरशः बटरमध्ये पोहतो.

दुपारी त्या भागात असालच तर शेजारची १४२४ची जामा मशीद बघा, दगडी खांबांचं असं जंगल मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि शहराबाहेरची अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, चुकवू नका, पाच मजले खाली उतरत जायचं, भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो, आम्ही दीड तास हललोच नाही तिथून!