लाहायना कशाने जळालं: वाऱ्याने, तारेने की भाड्याच्या घरांनी?

सांजवारा

माउईला गेलो तर लाहायनाच्या बाजूला हॉटेल घ्यावं की अपार्टमेंट, असं सहलींच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं. भराभर बीचची नावं आली, सूर्यास्ताचे फोटो आले. आगीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हा वेगळा धागा.

8 ऑगस्ट 2023. हवाईतल्या माउई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लाहायना, जेमतेम 13 हजार वस्तीचं गाव, एका दुपारीत खाक झालं. 102 माणसं गेली, 2,200 च्या आसपास इमारती गेल्या. अमेरिकेत शंभर वर्षांत वणव्याने एवढे बळी घेतले नव्हते. 'वादळी वाऱ्याने आग भडकली' म्हणून आपण विषय संपवतो. वारा होताच. डोरा चक्रीवादळ दक्षिणेला शेकडो मैलांवरून चाललं होतं, उत्तरेला हवेचा दाब जास्त होता, त्यामुळे डोंगरउतारावरून कोरडा वारा सोसाट्याने खाली येत होता. पण ऑगस्ट 2018 मध्ये लेन वादळाच्या वेळीही असाच वारा सुटला होता. तेव्हाही लाहायनाजवळ आग लागली, वीसेक घरं गेली. शहाणं व्हायला पाच वर्षं मिळाली होती.

माझं म्हणणं एवढंच की माणसं दाटीमुळे मेली, आणि ती दाटी पर्यटनाने घरं गिळल्यामुळे झाली. माउईवर साध्या घराची मधली किंमत दहा लाख डॉलरच्या वर आहे. हॉटेलांत चादरी बदलणारी, भांडी घासणारी माणसं (लाहायनात त्यांत फिलिपिनो पुष्कळ) एकाच घरात तीन पिढ्या आणि वर पोटभाडेकरू अशी राहत होती. कुहुआ कॅम्प ही तर जुनी ऊसमजुरांची वस्ती. गल्ल्या अरुंद, बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. मृतांपैकी अनेक तिथले, आणि एकूण मृतांत बहुतेक साठीपुढचे. त्याच बेटावर खरं तर राहत्या वस्तीसाठी असलेल्या भागांतल्या सहा-सात हजार सदनिका पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. महापौर रिचर्ड बिसेन यांनी मे 2024 मध्ये त्या टप्प्याटप्प्याने बंद करायचा प्रस्ताव मांडला. मला तो पटतो. सरकारचं काय व्हायचं ते होवो, आपण तरी असं अपार्टमेंट घेऊ नये. बोला.

सनीवेलकर

ताई, दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीत. आग कशी लागली हे आता गुलदस्त्यात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये माउईचं अग्निशमन दल आणि एटीएफ (आगी-स्फोटांचा तपास करणारी केंद्राची संस्था) यांचा निष्कर्ष आला. पहाटे तुटलेल्या तारांमध्ये पुन्हा वीज सोडली गेली आणि साडेसहाच्या सुमारास गवत पेटलं. दलाने ते विझवलं, आग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. दुपारी सव्वादोननंतर बंब परतले आणि पाऊण तासाच्या आत त्याच जागी धग पुन्हा उठली. यात दिवसाच्या भाड्याचं अपार्टमेंट आलं कुठून?

शिवाय पोटाचा प्रश्न आहे. माउईच्या कमाईतल्या दर डॉलरमागे सुमारे 70 सेंट या ना त्या वाटेने पर्यटकांकडून येतात, असं तिथलंच आर्थिक विकास मंडळ सांगत आलंय. हवाई विद्यापीठाच्या यूहेरो या संस्थेने 2025 मध्ये बिसेन यांच्या प्रस्तावाचा हिशोब मांडला. सदनिकांच्या किमती 20 ते 40 टक्के उतरतील, पण पर्यटकांचा खर्च वर्षाला सुमारे 90 कोटी डॉलरने घटेल आणि 1,900 च्या आसपास नोकऱ्या जातील. त्या नोकऱ्या कुणाच्या? ज्यांच्यासाठी तुम्ही गळा काढताय त्यांच्याच.

गवतफुला

दोघांनी गवताला बगल दिलीत. ठिणगी कुठेही पडते, पेटायला काहीतरी लागतं.

लाहायनाच्या वरचा सगळा उतार शंभरावर वर्षं उसाखाली होता. डोंगरातले ओढे वळवून त्याला पाणी दिलं जायचं. लाहायनातली पायोनियर मिल 1999 मध्ये बंद पडली, बेटावरचा शेवटचा साखर कारखाना 2016 मध्ये. जमीन पडून राहिली आणि तिच्यावर गिनी गवत माजलं. हो, आपल्याकडे गोठ्यात घालतात तेच. मूळचं आफ्रिकेतलं, तिकडेही गुरांसाठीच नेलेलं. पावसाळ्यात पुरुषभर वाढतं, उन्हाळ्यात वाळून कोरडंठाक होतं. हवाईच्या जवळपास चौथाई जमिनीवर आज असलं परकं गवत आहे. वणवा शास्त्राचे लोक वर्षानुवर्षं ओरडत होते, गवत कापा, चरायला गुरं सोडा, आग अडवणारे मोकळे पट्टे काढा. कापणार कोण? पडीक जमीन म्हणजे भाव चढायची वाट बघत ठेवलेला माल.

आणि हे गाव मुळात रखरखीत नव्हतं. 1845 पर्यंत हवाईच्या राज्याची राजधानी इथे होती. नीरफणसाच्या राया होत्या, मत्स्यतळी होती. राजाचं निवासस्थान मोकुउला हे तळ्यातल्या बेटावर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तळं भराव घालून बुजवलं आणि वर खेळाचं मैदान केलं. पाणी आधी उसाने पळवलं, नंतर बंगल्यांच्या हिरवळींनी.

जुना वायरमन

सनीवेलकर बरोबर आहेत, पण अर्धे. मी नोकरीभर लाइनवर काम केलं. हवामान खात्याने आदल्या दिवशीच वणव्याचा लाल इशारा दिला होता. अशा वाऱ्यात फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन, बंद ठेवायचा असतो. कॅलिफोर्नियात ही पद्धत कधीची आहे. हवाईच्या वीज कंपनीने ती सुरू केली जुलै 2024 मध्ये, म्हणजे चितेवर पाणी ओतण्यासारखं. लाकडी खांब रस्त्यांवर आडवे पडले, रस्ते बंद केले गेले, गाड्या फ्रंट स्ट्रीटवर कोंडल्या. शेवटी लोकांनी समुद्रात उड्या टाकल्या, काही जण तासन्‌तास पाण्यात होते.

पण एक सांगतो, जे वीज खात्याबाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पाण्याच्या पंपांना वीज लागते. फीडर बंद केला तर पंपांचं काय, हे आधी बसून ठरवावं लागतं. त्या दिवशी हायड्रंटचा (बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळांचा) दाब गेला तो मात्र पंपांपेक्षा जळत्या घरांच्या फुटलेल्या नळांमुळे. हजार घरांचे नळ एकदम उघडे राहिले की टाकी कितीशी पुरणार?

व्हॉट्सअ‍ॅप काका

निळ्या रंगाच्या वस्तू जळाल्या नाहीत, लेझरने आग लावली, असे व्हिडिओ आले होते. धूर निघतो तिथे काहीतरी असतंच ना?

तिरकस

काका, तिथे धूर होता कारण आग होती. फ्रंट स्ट्रीटवर एक लाल छपराचं जुनं लाकडी घर राखेच्या ढिगाऱ्यात धडधाकट उभं राहिलं. मालकांनी त्याआधी नुकतंच छप्पर धातूच्या पत्र्याचं केलं होतं आणि भिंतीलगतची झाडी काढून दगड पसरले होते. लेझरला लाल रंगही आवडत नाही बहुतेक.

अवांतर: कोर्टासमोरचा वड वाचला. 24 एप्रिल 1873 ला लावला तेव्हा ते रोप भारतातून आणलेलं होतं. होरपळला, पण पाणी आणि खत घालून जगवलाय, पालवी फुटलीय.

मीनल ओआहू

शेजारच्या बेटावर राहते, म्हणून थोडं लांबेल.

भोंग्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सुनामीच्या धास्तीने हवाईने सुमारे 400 भोंग्यांची यंत्रणा उभारली, त्यातले 80 माउईवर. त्या दिवशी एकही वाजला नाही. आपत्कालीन व्यवस्थापनाचे प्रमुख हर्मन अंडाया ओआहूला एका परिषदेत होते. नंतर म्हणाले, पश्चात्ताप नाही. भोंगा ऐकून लोक सुनामी समजून डोंगराकडे, म्हणजे आगीतच धावले असते. दुसऱ्या दिवशी राजीनामा. युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण राज्याच्याच संकेतस्थळावर भोंगे कशासाठी वापरतात त्या यादीत वणवा होता. वीज गेलेली, मोबाइलचे टॉवर गेलेले, फोनवरचे इशारे पोचणार कुणाला? सांजवारा, तुमच्या दाटीच्या मुद्द्याला विरोध नाही, पण म्हातारी माणसं घरात बसून राहिली कारण त्यांना कुणी उठा म्हटलं नाही.

आता पर्यटनाचं. राज्यपाल जॉश ग्रीन यांनी आगीला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, 8 ऑक्टोबरला, पश्चिम माउई पर्यटकांना खुलं करायला सुरुवात केली. हजारो लोकांनी सह्या करून थोडं थांबा म्हणून विनवलं होतं. घर गेलेली माणसं हॉटेलांच्या खोल्यांत होती, आणि त्याच हॉटेलांत कामाला जाऊन पाहुण्यांना हसून अलोहा म्हणायचं होतं. नोव्हेंबरमध्ये काआनापालीच्या किनाऱ्यावर, ऐन रिसॉर्टांसमोर, लोकांनी तंबू ठोकले आणि वाळूत गळ रोवले. किनाऱ्यावर रात्री मासे धरायला मनाई नाही, त्यामुळे हाकलता येईना. महिनोन्‌महिने गळ तसेच. मागणी एकच: सुट्टीची घरं राहायला द्या. सनीवेलकर, नोकऱ्या जातील म्हणून ज्यांची तुम्हाला काळजी, त्यातलेच लोक तिथे बसले होते.

किहेईवाला

माझं दक्षिण माउईत, किहेईला एक बेडरूमचं युनिट आहे. हो, तेच दिवसाच्या भाड्याचं. खलनायक हजर आहे.

कायदेशीर परवानगी बघून घेतलं. अशा युनिटवर मालमत्ता कर राहत्या घराच्या कितीतरी पट लागतो, तो मुकाट्याने भरतो, त्यावर काउंटी चालते. इमारत जुनी, समुद्राला लागून. देखभाल खर्च आणि विमा मिळून दर महिन्याला जी रक्कम जाते, ती हॉटेलात काम करणाऱ्या कुटुंबाला झेपणारी नाही. एवढ्याशा जागेत चार माणसं, एक पार्किंग. यात तुमच्या तीन पिढ्या बसवणार? घरं हवीत तर बांधा. माउईत परवाना मिळवून घर बांधायला लागणारी वर्षं मोजा आणि मग माझ्याकडे बोट दाखवा.

सांजवारा

किहेईवाला, समोर येऊन बोललात, बरं वाटलं. देखभाल खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि सगळी युनिटं कुटुंबांच्या कामाची नाहीत. पण जोडपं राहील, एकटी नर्स राहील. त्यांनी सोडलेल्या खोलीत गर्दी कमी होईल. आणि 'बांधा' म्हणणं सोपं आहे. पश्चिम माउईत पाणीच अपुरं, म्हणून 2022 मध्ये राज्याच्या जल आयोगाने तिथलं पाणी विशेष देखरेखीखाली घेतलं. बांधून तयार, नळ जोडलेली घरं तीच आहेत जी तुम्ही पाहुण्यांना देता.

सनीवेलकर, तारेने आग लावली, मान्य. पण तार तुटली आणि गवत पेटलं तर ते गवताचं नुकसान. शंभरावर माणसं मरायला वर आणखी काही लागतं.

सनीवेलकर

मग दोषींची यादी पूर्ण करा. 2024 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 4 अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. त्यातला निम्मा वाटा वीज कंपनीचा. पुढचा मोठा वाटा कुणाचा, ठाऊक आहे? कामेहामेहा स्कूल्स. आग जिथे सुरू झाली त्या भागातली पडीक जमीन या संस्थेची. मूळ हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी राजघराण्यातल्या बर्निस पवाही बिशप यांच्या इच्छापत्रातून उभी राहिलेली संस्था. बाहेरच्या पर्यटकांनी आणि धनदांडग्यांनी गाव जाळलं, ही गोष्ट सांगायला छान वाटते, पण गवत न कापणाऱ्यांत घरचे लोकही होते.

गवतफुला

हे मात्र खरं. जमिनीचा मालक कोण यावर गवत वाढायचं थांबत नाही. सांजवारा, तुमच्या सगळ्या सदनिका उद्या मोकळ्या झाल्या तरी वरचा उतार तसाच राहिला, तर पुढच्या वाऱ्याला लाहायना पुन्हा आहेच.

मीनल ओआहू

उतार दुरुस्त करायला दहा वर्षं लागतील, माणसं आज कुठे राहणार? फेमाने (केंद्राच्या आपत्ती मदत संस्थेने) विस्थापितांसाठी चढ्या भाड्याने घरं घेतली, तर काही मालकांनी आपल्या जुन्या भाडेकरूंनाच बाहेर काढलं. ज्यांचं घर जळालंही नव्हतं ते बेट सोडून गेले. बरेचसे थेट लास व्हेगासला.

किहेईवाला

ते वाईटच झालं. पण कायदा लागू झाला आणि मी युनिट विकायला काढलं, तर घेणार कोण, हे कुणी सांगेल का? स्थानिकांना परवडत नाही हे तुम्हीच वर लिहिलंय.

मीनल ओआहू

किंमत उतरवा. यूहेरोचा तो 20 ते 40 टक्क्यांचा आकडा त्याचाच आहे.