घाटात इंजिन अडतंय : दोष पावसाचा, विजेचा की माझा?

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी खानापूरचा. नोकरी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो. दिवसा लोकांच्या लोखंडाची वजनं लिहायची आणि रात्री जेवण झालं की माळ्यावर चढून आपली रेल्वे चालवायची, असं तीन वर्षं चाललंय. त्याआधी प्लॅस्टिकच्या विमानांचे १:७२ चे किट जोडत होतो. मग एकदा मुलाला पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं. मुलगा अर्ध्या तासात कंटाळला, मी नाही.

आता माळ्यावर भिंतीला धरून एल आकाराची मांडणी आहे. एचओ स्केल, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खाली गोव्यातलं कुळे स्टेशन, वर कर्नाटकातलं कॅसलरॉक, मधे घाट. खऱ्या घाटाचा चढ ३७ला १ (३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर) आहे, तोच मी ठेवलाय. हट्ट म्हणा. आठ फुटांच्या फळीवर साडेसहा सेंटिमीटर चढतो, आणि त्यातच कोपऱ्यावर ४२१ मिलिमीटर त्रिज्येचं एक वळण येतं.

इंजिन सेकंडहँड, अमेरिकन डिझेलचं मॉडेल, सहा आसांचं. हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनासारखं दिसावं म्हणून रंगवलंय (लांबून बघायचं). डबे मी स्वतः केलेत. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा २१.३३७ मीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. सांगाडा प्लॅस्टिक शीटचा, आतली बाकं लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची. आमच्याकडे मे महिन्यात कच्च्या मालाचा तुटवडा कधी पडत नाही.

अडचण अशी. मे महिन्यात हे इंजिन पाच डबे घेऊन आरामात वर जात होतं. मृगातही गेलं. आर्द्रा लागली आणि अडायला लागलं. आता पुनर्वसूत तीन डबेसुद्धा ओढत नाही. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, कौलाखाली माळा, कपडे चार दिवस वाळत नाहीत. इंजिन उघडून गिअरला तेल दिलं, चाकं पुसली. बदल शून्य. मोटार गेली असं धरून चालू का? नवीन मागवायची तर कस्टम धरून किंमत ऐकून घरात सांगायची सोय नाही.

ता.क. डब्यांवर मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला तर पांढरा धुरकट थर आला. तोही पावसाचाच प्रताप का?

प्रतिसाद १

रूळ पुसलेत का? चाकं पुसून उपयोग नाही, रुळांवर काळा थर असतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या बनियनचा तुकडा बुडवून पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. चरे पडतात आणि त्यात घाण दुप्पट बसते. हा धडा मी स्वतःचे रूळ खराब करून शिकलोय.

प्रतिसाद २

मोटारीला दोष देण्याआधी एक सांगा. इंजिन थांबतं तेव्हा हेडलाइट विझतो, की दिवा चालू राहून चाकं जागच्या जागी फिरतात? दिवा विझला तर वीज पोचत नाही. चाकं फिरत राहिली तर वीज पोचतेय, पकड मिळत नाही. हे दोन वेगळे आजार, औषधंही वेगळी. आणि नेमकं कुठं थांबतं? "घाटात" हे उत्तर नको, फळीवर पेन्सिलीने खूण करून सांगा.

धागाकर्ता

साहेब, काल रात्री दोन तास हेच करत बसलो. रूळ अल्कोहोलने पुसले, फडकं शाईसारखं काळं झालं, पण अडणं थांबलं नाही. पेन्सिलीच्या खुणा दोन ठिकाणी पडल्या.

पहिली जागा, जिथं दोन फळ्या जोडल्यात तिथं. दिवा लुकलुकतो आणि इंजिन गचका खातं. कधी पुढं जातं, कधी नाही. दुसरी जागा वरचं वळण. तिथं दिवा चालू असतो, पण मंद, आणि चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणजे दोन्ही आजार आहेत म्हणायचे?

प्रतिसाद २

दोन नाही, तीन. दिवा मंद आहे म्हणालात, तो तिसरा.

वरच्या भागाला वीज कुठून देता? माझा अंदाज, कुळे स्टेशनात दोन वायरी जोडल्यात आणि पुढचा सगळा प्रवाह रुळांतून, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटमधून वर जातोय. त्या पत्र्याच्या चिमट्या उन्हाळ्यात घट्ट बसतात, दमट हवेत आतून गंजट होतात. प्रत्येक सांधा थोडी थोडी वीज खातो. नुसतं मल्टीमीटर लावून बघू नका. लोड नसताना सगळीकडे १२ व्होल्टच दिसणार आणि तुम्ही म्हणणार सगळं ठीक आहे. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब रुळांवर जोडा, तो पाऊण अँपिअरच्या वर घेतो. तो पेटलेला असताना खाली आणि वर मोजा.

प्रतिसाद ३

मी पूर्वी सुतारकाम करायचो, विजेतलं कळत नाही, पण फळीबद्दल बोलू का? प्लाय कुठला वापरलाय? कडा बंद केल्यात? भिंतीला चिकटवून ठेवलाय का? चिऱ्याची भिंत असेल तर ती पावसात आतून ओल देते. साधा कमर्शियल प्लाय उघड्या कडेतून पाणी पितो आणि टोकाला फुगतो. दोन फळ्यांच्या सांध्यावर पट्टी ठेवून बघा.

धागाकर्ता

दादा, तुम्ही माळ्यावर येऊन गेला की काय?

भिंत चिऱ्याचीच, फळी तिला टेकूनच. प्लाय १२ मिलिमीटरचा कमर्शियल, कडा उघड्या. दुकानदार मरीन घ्या म्हणत होता, मी म्हटलं काय बोट करायची आहे का. आज कारखान्यातून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एक फूटभर सरळ पट्टी मागून आणली. शॉपमधल्या पोरांनी विचारलं कशाला, मी म्हटलं रुळाला. ते समजले हुबळी लाइनचं काहीतरी काम आहे.

सांध्यावर भिंतीकडची फळी ०.८ मिलिमीटर वर आलीय. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते.

बल्ब लावूनही मोजलं. कुळ्यात ११.६ व्होल्ट, कॅसलरॉकला ८.९.

आता विचार असा की रविवारी रूळ उचलून फुगलेल्या कडेवर रंधा मारतो आणि लगेच वॉर्निश लावून बंद करतो. बरोबर ना?

प्रतिसाद ३

नको! आत्ता रंधा मारू नका. फळी पाणी पिऊन फुगलीय, दिवाळीनंतर सुकून बरीचशी खाली बसेल. तेव्हा तुम्ही रंधलेली जागा खड्डा होईल आणि मग खालून भर घालत बसाल. वॉर्निशही आत्ता नको, आतली ओल आतच कोंडेल.

पावसापुरतं असं करा. मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, मागं वारा फिरू दे. सांध्यावर जी फळी खाली राहिलीय तिच्यावर, रुळाखाली, जाड कागदाच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या सारत न्या, फूटभर लांबीत ०.८ भरून काढा, म्हणजे गचका जाऊन हलका उतार होईल. पोस्टकार्डाचा कागद चांगला, लग्नपत्रिका तर तुमच्याकडे आहेतच. चिकटवू नका, नुसत्या सारा. कडक थंडी पडली, फळी सुकली की मग सगळ्या कडांना दोन हात वॉर्निश, आणि खालच्या बाजूलाही. लोक वरची बाजू रंगवतात आणि खालची विसरतात, मग फळी वाकडी होते.

प्रतिसाद २

सहा आसांचं इंजिन ०.८ च्या उंचवट्यावर चढलं की बोगीची मधली किंवा टोकाची चाकं हवेत राहतात, म्हणून दिवा लुकलुकत होता. मोटार ठणठणीत आहे, पैसे वाचले.

विजेसाठी : घराच्या वायरिंगमधली १.५ चौरस मिलिमीटरची दोन रंगांची वायर फळीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला बाहेरच्या बाजूने बारीक वायर झाळा आणि खाली मोठ्या वायरीला जोडा. फिशप्लेटने फक्त रूळ सरळ धरायचे, वीज न्यायची नाही. झाळताना सोल्डरिंग आयर्न चांगली तापलेली हवी, नाहीतर स्लीपर वितळतील.

आता वळण. इथं चूक तुमच्या हट्टाची आहे, रागावू नका. तुम्ही चढ खरा ठेवलात आणि वळण खोटं. ४२१ मिलिमीटर गुणिले ८७ म्हणजे साधारण ३७ मीटर त्रिज्या. ब्रॉडगेजची गाडी त्या वळणावर कुणी नेऊन दाखवावी! खऱ्या रेल्वेत वळणावर चढ थोडा कमी करतात, कारण वळण स्वतःच गाडीला मागे ओढतं. आपल्या छंदातला जुना ढोबळ हिशेब असा : ३२ भागिले इंचातली त्रिज्या, तेवढे टक्के चढ वाढला समजायचं. तुमची त्रिज्या साडेसोळा इंच, म्हणजे जवळजवळ २ टक्के. ३७ला १ म्हणजे २.७ टक्के. बेरीज ४.६. तुमचं इंजिन त्या कोपऱ्यावर २२ला १ चढतंय, तेही ८.९ व्होल्टवर. मे महिन्यात पाच डबे नेले हेच विशेष.

धागाकर्ता

रागावलो नाही, पण रात्री झोप आली नाही हे खरं. तीन वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला "चढ अगदी खऱ्यासारखा" म्हणून सांगत होतो.

प्रतिसाद १

वळणापुरता चढ निम्मा करा आणि सरळ भागात थोडा वाढवा, पाहुण्यांना काय कळतंय. आणि डब्यांचं वजन किती आहे?

धागाकर्ता

डबे रुळावरून घसरायचे म्हणून प्रत्येकात कारखान्यातले नट भरले होते. आज किराणा दुकानाच्या काट्यावर तोललं तर २४० ग्रॅम भरलं.

प्रतिसाद १

अमेरिकन छांदिष्टांचा नियम : १ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. तुमच्या डब्याला १६५ ग्रॅम पुरतात. पाच डब्यांत मिळून दोन जास्तीचे डबे फुकट ओढताय. नट काढा, आणि राहतील ते तळाशी ठेवा, छताला नाही. स्प्रेचं म्हणाल तर हो, दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. कोरडा दिवस बघून वर पातळ हात मारा, बहुतेक धुरकटपणा जातो. नाहीतर राहू द्या, सकाळचं धुकं म्हणा.

प्रतिसाद ४

विषयांतर. कॅसलरॉकच्या पाटीवर कन्नड अक्षरं कशी केली? माझ्या पाटीवर सगळी भरून जाऊन मण्यांची माळ झालीय.

धागाकर्ता

मोठी लिहून, फोटो काढून, लहान करून फोटोपेपरवर छापली. कन्नड अक्षरं वाटोळी, आतली पोकळी जास्त मोकळी सोडावी लागते. शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतली, त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली.

धागाकर्ता (अपडेट, दोन आठवड्यांनी)

मांडणी भिंतीपासून ओढली. मागच्या भुशाच्या गवतावर बुरशी आली होती, तेवढं खरवडून टाकलं. पत्रिकांच्या सात पट्ट्या सारल्या, सगळ्यात खाली कुणाचं तरी "शुभविवाह" आहे. वायर टाकली, अकरा ठिकाणी झाळलं, दोन स्लीपर वितळवले. कॅसलरॉकला आता ११.३ व्होल्ट येतात. नट काढले.

काल चार डबे वर गेले, सांध्यावर दिवा हलला नाही. पाचवा लावला की वळणावर चाकं अजून जागच्या जागी फिरतात. खऱ्या घाटात कुळ्याहून मागे, गाडी ढकलायला, बँकर इंजिन लावतात, तसं एक लहान इंजिन लावून बघितलं. ते पुढच्यापेक्षा जोरात पळतं, त्यामुळे मधला हलका डबा वळणावर उचलून बाहेर फेकला गेला. सध्या पाचवा डबा कुळ्यातच उभा आहे. वळणाचा चढ फळी सुकल्यावरच बदलेन, तेव्हा वॉर्निशचं काय झालं तेही इथंच सांगतो. फिलर गेज मात्र परत द्यायचंय, शॉपमधली पोरं रोज हुबळी लाइनचं काम कुठवर आलं म्हणून विचारतात.