सिगारा बोरेक तेलात फुटतायत, रविवारच्या आत मदत हवी आहे

दवबिंदू (धागाकर्ती), शुक्रवार रात्री
तिसरा घाणा वाया गेला म्हणून वैतागून लिहितेय. टर्किश सिगारा बोरेक करतेय, चीज भरलेल्या बोटाएवढ्या गुंडाळ्या असतात त्या. सगळं कृतीप्रमाणे केलं. तेलात सोडलं की अर्ध्या मिनिटात तोंड उघडतं, सारण बाहेर येतं आणि तेल असं तडतडतं की अख्खा ओटा माखतो. मनगटावर एक फोड आलाय. जे फुटत नाहीत ते तेल पिऊन मऊ पडतात. काय चुकतंय? रविवारी दुपारी हवेत, चोवीस तरी. "व्हिडिओ बघा" सांगू नये, बघूनच केलंय.

खमंग_चिवडा
पट्टी कुठली? चीज कुठलं? तळण किती तापलं होतं? कशाने चिकटवलं? "सगळं कृतीप्रमाणे" यावरून निदान करायला आम्ही काय ज्योतिषी आहोत? फोटो तरी टाका.

पेठेतला_पंत
कॅम्पात तयार समोसापट्टी मिळते, ती आणा. मैद्याची खळ करून चिकटवा. चीज क्यूब किसून, मिरपूड, संपला विषय. आमच्याकडे दर भिशीला होतात, एकही फुटत नाही.

दवबिंदू
पंत, मी पुण्यात नाही हो, जर्मनीत श्टुटगार्टला आहे. पट्टी युफ्काच आहे (तुर्की पातळ पारी), चीज टर्किश दुकानातलं पांढरं, डब्यातलं. तळण नेहमीसारखं.

खमंग_चिवडा
"नेहमीसारखं" म्हणजे पुऱ्यांसारखं की अनारशांसारखं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फिटनेस_फंडा
मैदा, वर चीज, वर तळण. रविवारी पाहुण्यांना एवढं खाऊ घालायलाच हवं का? एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर दहा मिनिटं, तेल एक चमचा. मी दोन वर्षं कढई चढवलेली नाही.

खमंग_चिवडा
प्रश्न फुटण्याचा आहे, तुमच्या कढईचा नाही.

तर्कट
शेजारपाजारी कुणी तुर्की नाही का? श्टुटगार्टमध्ये दगड मारला तर तुर्की घरावर पडेल. १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान करारानंतर कामगार म्हणून आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आहे तिथे. दार वाजवा, विचारा.

दवबिंदू
तिथेच तर घोळ आहे. शेजारीण तुर्कीच आहे, दर महिन्याला ताटलीभर बोरेक पाठवते. सध्या तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि रविवारी तिच्याकडे माहेरची माणसं यायची आहेत. मी जोशात "बोरेक माझ्याकडे लागले, मला येतात" असं बोलून बसलेय. आता कुठल्या तोंडाने विचारू? शिवाय तिची मागची ताटली अजून माझ्याकडे आहे, ती रिकामी कशी परत करणार?

बोस्फरसकर
ताटली रिकामी परत करायची नाही ही रीत त्यांच्यातही आहे, त्यामुळे तुमची सुटका नाही :)
मी चार वर्षं इस्तंबूलला होतो, आशियाच्या बाजूला, कादीकोयला. काही प्रश्न:
१) युफ्का गोल, चादरीएवढी मोठी होती, तयार त्रिकोणी कापलेली, की चौकोनी गुंडाळी?
२) चीज मिठाच्या पाण्यातलं का? पाणी काढलं का?
३) सारणात आणखी काय काय?
आणि हो, घरी "बोरेक" म्हटलं की चालतं, पण पूर्ण नाव "सिगारा बोरेई". जोडनावात शेवटचा क मऊ होऊन जवळजवळ नाहीसाच होतो.

तर्कट
सिगारा म्हणजे सिगारेट. मुलांसमोर ते नाव नको म्हणून काही जण त्याला "कलेम बोरेई" म्हणतात असं ऐकलंय. कलेम म्हणजे आपली लेखणीवाली कलम.

बोस्फरसकर
बरोबर, दोन्ही चालतात. तसंच पेयनीर म्हणजे चीज आणि आपलं पनीर हा एकच फारसी शब्द. पण वस्तू एक नाही. बेयाज (पांढरं) पेयनीर मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, पनीर अळणी.

पेठेतला_पंत
मग पनीरच घ्या की. मीठ वरून घाला.

दवबिंदू
१) चौकोनी गुंडाळी, फ्रिजमधली. पाकिटावर "फिलो" आणि "युफ्का" दोन्ही लिहिलंय, म्हटलं एकच असेल.
२) डब्यातून काढलं, काट्याने कुस्करलं.
३) पार्सली. आणि एक कांदा बारीक चिरून, थोडं मीठ, तिखट. नुसतं चीज सपक वाटलं असतं ना. सारण सकाळीच करून ठेवते, संध्याकाळी भरते.

शकूमावशी
मी हा पदार्थ खाल्लेला नाही, नावही आज ऐकलं. पण चाळीस दिवाळ्या करंज्या तळल्यात म्हणून बोलते. कच्चा कांदा आणि मीठ सकाळी एकत्र केलंस, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाटीच्या तळाशी पाणी साचलं असणार. सांग, साचलं होतं का? ते पाणी पारीच्या आत गेलं की तेलात त्याची वाफ होते, वाफेला वाट हवी, ती तोंड फोडून निघते. तेल तडतडतंय तेही पाण्यानेच. चीज तडतडत नाही गं.

दवबिंदू
मावशी… साचलं होतं. मला वाटलं चीजचा रस आहे, चांगलं असेल, म्हणून पुन्हा कालवलं.

खमंग_चिवडा
आणि हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सुचलं नाही.

बोस्फरसकर
मावशींना दंडवत. आता उरलेलं. फिलो आणि युफ्का एक नाहीत. फिलो फार तलम, एकेरी गुंडाळली तर तळताना फाटते. युफ्का जाडसर असते. तिथले लोक मैदा, पाणी, मिठाची कणीक मळून "ओक्लावा" नावाच्या लांब, काठीसारख्या लाटण्याने लाटतात आणि तव्यावर जेमतेम शेकतात. तुर्की दुकानात शीतकपाटात "युचगेन" म्हणजे त्रिकोणी युफ्काचं पाकीट मिळेल, तेच मागा. तयार त्रिकोण असतात, कापायला नको.

चीज अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा (खारटपणा उतरतो), मग पंचात बांधून टांगा. कांदा अजिबात नको. पार्सली धुऊन कोरडी करा, ओली घालू नका. शेपू असेल तर थोडा घाला, तिथे चीजबरोबर शेपू चालतो. मीठ घालायचंच नाही.

त्रिकोणाच्या रुंद बाजूला करंगळीएवढं सारण, दोन्ही टोकं आत मुडपा, म्हणजे बाजूने काही निघत नाही. मग गुंडाळा. शेवटचं टोक पाण्यात बुडवून चिकटवा.

शकूमावशी
पाण्याने सुटेल. दुधाने चिकटव.

बोस्फरसकर
मावशी, तिथे बहुतेक घरी पाणीच वापरतात. अंड्याचा पांढरा भागही लावतात काही जण.

शकूमावशी
अंडं त्यांना. आम्ही आपलं दूध.

फिटनेस_फंडा
एअर फ्रायरमध्ये चिकटवण्याचा प्रश्नच येत नाही.

खमंग_चिवडा
येतो. पंख्याच्या वाऱ्याने पट्टी उलगडते, करून बघा. दवबिंदू, तुमची शेगडी विजेची आहे ना? आणि फुटतं म्हणून झाकण ठेवता का?

दवबिंदू
हो, झाकण ठेवते. नाहीतर धुराचा गजर वाजतो आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरते. एकदा झालंय.

खमंग_चिवडा
झाकणाखाली वाफ जमते, ती थेंब होऊन तेलात पडते. म्हणजे पाणी आतूनही आणि वरूनही! शिवाय विजेच्या शेगडीवर एकदम पंधरा सोडलेत की तेल थंडावतं आणि परत तापायला वेळ घेतं. तेवढ्यात गुंडाळ्या तेल पितात, तुमचे मऊ पडतायत ते त्यामुळे. युफ्काचा तुकडा टाकून बघा, लगेच बुडबुडे यायला हवेत पण काळा पडता कामा नये. साधारण १७० ते १८० अंश. एका वेळी पाच-सहाच, चिकटवलेली बाजू आधी खाली. दोन-तीन मिनिटांत सोनेरी होतात. झाकण नको, जाळीची चाळण उपडी ठेवा, आणि खिडकी उघडा.

तर्कट
अवांतर: हेच त्रिकोणी दुमडलं तर "मुस्का", म्हणजे ताईत. आपल्या पट्टीसमोशाचा सख्खा भाऊ. कोणाचं कोणाकडून गेलं यावर धागा निघेल.

बोस्फरसकर
नको. मागच्या वेळी बिर्याणीच्या धाग्याचे दोनशे प्रतिसाद झाले होते आणि शेवटी कुलूप लागलं.

दवबिंदू
शेवटचा प्रश्न. शनिवारी करून ठेवू का रविवारीच? रविवारी सकाळी मुलीचा पोहण्याचा वर्ग आहे.

बोस्फरसकर
शनिवारी वळा, ताटात एकमेकांना न चिकटता लावून फ्रीजरमध्ये टाका. कडक झाले की डब्यात भरा. रविवारी तसेच थेट तेलात, वितळू देऊ नका. वळताना उरलेली युफ्का ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर सुकून तडकते.

शकूमावशी
फडकं पिळून घे गं. टिपकणारं नको. पुन्हा पाणी नको आत.

दवबिंदू, रविवार रात्री
झाले! तीस वळले, दोनच फुटले, तेही मी लोभाने जास्त भरले होते. चीज रात्रभर टांगलं, सकाळी पातेल्यात अर्धी वाटी पाणी. अर्धी वाटी! तेच मी आत भरत होते. चिकटवायला अर्ध्यांना दूध लावलं, अर्ध्यांना पाणी. दोन्ही सारखेच टिकले, त्यामुळे मावशी आणि बोस्फरसकर दोघेही जिंकले.

शेजारणीने एक खाल्ला, थोडा वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "यात शेपू कोणी सांगितला?" चांगल्या अर्थाने की वाईट, कळलं नाही. पण तिच्या आईने चार खाल्ले. तिची ताटली परत गेली आणि तासाभराने तिचा नवरा दुसरी घेऊन आला, त्यात इरमिक हेलवा. रवा, साखर, लोणी, वर चिलगोजे. चक्क आपला शिरा. म्हणजे आता तिची ताटली पुन्हा माझ्याकडेच.

शकूमावशी
छान झालं. त्यात आता पुरणपोळी पाठव. हात बरा होईपर्यंत बिचारीला काही करता येणार नाही.

फिटनेस_फंडा
शिऱ्यात लोणी किती होतं?

पेठेतला_पंत
म्हणजे शेवटी समोसापट्टीनेच जमलं ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.